खात्रीचा एकही सेन्सर नाही, तरी डोपामिन ओळखू येतं ते कसं?

फोनच्या पडद्यावर आत्ता कुठे पिवळा रंग दिसत असेल तर एक गंमत सांगतो. त्या पडद्यातून पिवळा प्रकाश बाहेर पडतच नाहीये. पडद्याच्या प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा आणि निळा असे तीनच दिवे असतात. त्यातले लाल आणि हिरवा एकदम लागले की आपण म्हणतो, 'पिवळं आहे'. प्रिझममधून वेगळा काढलेला, सुमारे ५८० नॅनोमीटर तरंगलांबीचा अस्सल पिवळा प्रकाश शेजारी ठेवला तरी डोळ्याला फरक सांगता येणार नाही.

डोळा फसतो, कारण पिवळ्यासाठी त्याच्याकडे वेगळी पेशीच नाही. रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या. त्या साधारण ४२०, ५३० आणि ५६० नॅनोमीटरच्या आसपास सर्वांत जोरात प्रतिसाद देतात. शेवटच्या दोघींची कार्यक्षेत्रं तर एकमेकींवर जवळजवळ पूर्ण चढलेली आहेत. एकटीला विचारलं तर कुठलीच शंकुपेशी रंग सांगू शकत नाही. तिच्या आवडीचा मंद प्रकाश आणि नावडीचा प्रखर प्रकाश, दोन्हींना ती एकच उत्तर देते. पण तिघींची उत्तरं शेजारी शेजारी मांडली की त्यांच्या प्रमाणावरून आपल्याला लाखो छटा वेगळ्या कळतात.

मेंदूतली रसायनं प्रकाशाच्या मदतीने ओळखणारे 'ऑप्टिकल सेन्सर ॲरे', म्हणजे वेगवेगळ्या स्वभावाच्या सेन्सरचे संच, नेमकं हेच करतात. त्यांची ताकद या युक्तीतून येते, आणि त्यांची खोडही तिथूनच येते. पडद्यावरचा पिवळा म्हणूनच लक्षात असू द्या, तो पुढे परत लागणार आहे.

आधी ओळखायचं काय, ते पाहू. दोन चेतापेशींमध्ये साधारण २० नॅनोमीटरची फट असते. एक पेशी त्या फटीत रसायन सोडते आणि पलीकडची पेशी ते टिपते. ही रसायनं म्हणजे न्यूरोट्रान्समीटर. निरोप रसायनातून जातो हे १९२१ मध्ये ओटो लोवी यांनी बेडकाच्या दोन हृदयांवर दाखवलं. एका हृदयाची व्हेगस चेता उत्तेजित केली, ते मंदावलं. मग त्याच्या भोवतीचं खारं पाणी उचलून दुसऱ्या हृदयाला दिलं, तर तेही मंदावलं. दोन्ही हृदयांना जोडणारा चेतेचा धागा कुठलाच नव्हता, म्हणजे निरोप पाण्यातूनच गेला होता. ते रसायन ॲसिटिलकोलिन निघालं आणि १९३६ मध्ये लोवी आणि हेन्री डेल यांना नोबेल मिळालं.

आज डोपामिन, सेरोटोनिन, ग्लुटामेट, गाबा, हिस्टामिन अशी मोठी यादी आहे. यातलं डोपामिनचं घराणं सर्वांत छळणारं. डोपामिनला एक ऑक्सिजन जोडला की नॉरॲड्रेनालिन होतं. नॉरॲड्रेनालिनला एक मिथाइल गट जोडला की ॲड्रेनालिन. शरीरही याच क्रमाने, एकेका एन्झाइमच्या मदतीने, एकातून पुढचं बनवतं. रेणूंची वजनं १५३, १६९ आणि १८३. तिघांच्याही अंगात सहा कोनांचं तेच कडं आणि त्यावर शेजारी शेजारी बसलेले दोन हायड्रॉक्सिल गट. कड्यासकट या जोडगोळीला कॅटेकॉल म्हणतात. काम मात्र तिघांचं वेगळं, त्यामुळे 'तिघांपैकी कोणीतरी आहे' हे उत्तर पुरत नाही.

रसायनशास्त्राची नेहमीची वाट म्हणजे कुलूप आणि किल्ली. १८९४ मध्ये एमिल फिशर यांनी एन्झाइमसाठी वापरलेली ही उपमा. ज्याला पकडायचं त्याच्याच मापाची खाच बनवा, दुसरा कोणी त्यात बसणारच नाही. ही वाट काही ठिकाणी फार सुंदर चालली आहे. डोपामिनच्या नैसर्गिक रिसेप्टरला, म्हणजे ते टिपणाऱ्या पेशीवरच्या प्रथिनाला, जेलीफिशकडून आलेल्या चमकणाऱ्या प्रथिनाचं ठिगळ लावून २०१८ मध्ये 'डीलाइट' आणि 'ग्रॅब' हे सेन्सर तयार झाले. डोपामिन येऊन बसलं की प्रथिन उजळतं आणि जिवंत उंदराच्या मेंदूत ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतं. पण त्यासाठी त्या प्रथिनाचा जीन प्राण्याच्या पेशींत घालावा लागतो. समोर लघवीची किंवा रक्ताची बाटली असेल तर या वाटेचा उपयोग नाही. शिवाय प्रत्येक रेणूसाठी नवं कुलूप घडवायला वर्षं लागतात.

तेव्हा दुसरी वाट. आणि ती काही आजची नाही. १९६२ मध्ये स्वीडनमध्ये फाल्क आणि हिलार्प यांनी गोठवून वाळवलेल्या ऊतींना फॉर्माल्डिहाइडची वाफ दिली. कॅटेकॉल घराण्यातली रसायनं असलेल्या चेतापेशी सूक्ष्मदर्शकाखाली हिरव्या चमकू लागल्या आणि सेरोटोनिन असलेल्या पिवळ्या. मेंदूत कुठल्या पेशी काय बाळगतात याचे पहिले नकाशे त्यातून निघाले. अडचण एकच राहिली. डोपामिनही हिरवं आणि नॉरॲड्रेनालिनही हिरवं. एकाच अभिक्रियेला दोन सख्खी भावंडं सारखंच उत्तर देत होती.

इथे ॲरेवाल्यांचं म्हणणं असं, की एका साक्षीदारावर भागत नसेल तर चार बोलवा. चौघेही अर्धवट का असेनात, प्रत्येकजण वेगळ्या बाजूने अर्धवट असला म्हणजे झालं.

ही कल्पना वासाच्या अभ्यासातून आली. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या रिसेप्टरचे साधारण ४०० प्रकार आहेत. एक रिसेप्टर अनेक रेणूंना प्रतिसाद देतो आणि एक रेणू अनेक रिसेप्टरना जागं करतो. वास म्हणजे त्या सगळ्या प्रतिसादांची नक्षी. १९८२ मध्ये पर्सॉड आणि डॉड यांनी अर्धवाहक सेन्सरचं असं कृत्रिम नाक करून दाखवलं. १९९६ मध्ये डेव्हिड वॉल्ट यांच्या गटाने तेच प्रकाशतंतूंच्या टोकांवर रंगद्रव्यं लावून केलं आणि २००० मध्ये केनेथ सस्लिक यांनी तर साध्या डोळ्यांना दिसेल असे बदलत्या रंगांचे ठिपके एका पट्टीवर मांडले. पाण्यात विरघळलेल्या रेणूंसाठी याच धर्तीवर 'कृत्रिम जिभा' आल्या आणि त्यातूनच न्यूरोट्रान्समीटरकडे वाट वळली.

आता एक ॲरे मनातल्या मनात जुळवू. चार ठिपके घेऊ. प्रत्यक्षात सहा, आठ, कधी त्याहून जास्त असतात, पण युक्ती कळायला चार पुरेत.

पहिल्या ठिपक्यात बोरॉनिक आम्ल आणि त्याला धरून बसलेलं ॲलिझरिन रेड हे रंगद्रव्य. बोरॉनिक आम्लाला शेजारी शेजारी बसलेले दोन हायड्रॉक्सिल गट फार आवडतात. ॲलिझरिन रेडकडे अशी जोडी असते, म्हणून ते तिथे अडकतं आणि अडकलेलं असताना चमकतं. डोपामिन आलं की तेही आपली कॅटेकॉलची जोडी पुढे करतं, रंगद्रव्याला जागेवरून उठवतं आणि स्वतः तिथे बसतं. सुटं झालेलं ॲलिझरिन रेड चमकत नाही, ठिपका विझतो. खुर्ची बळकावण्याची ही पद्धत मला या सगळ्या विषयात सर्वांत चतुर वाटते. ज्याला पकडायचं त्याला स्वतःचा रंग असण्याची गरजच उरत नाही. बिनरंगी पाहुणा आत आला हे आपल्याला कळतं ते बाहेर पडलेल्या रंगीत माणसावरून. ॲसिटिलकोलिनला ना कॅटेकॉल, ना रंग. पण त्याच्यासाठीही वाटीसारखे पोकळ रेणू घेऊन हाच खेळ खेळता येतो. वाटीत आधी रंगद्रव्य बसवायचं, ॲसिटिलकोलिन त्याला बाहेर काढतं.

दुसऱ्या ठिपक्यात ॲल्डिहाइड वर्गातलं असं रसायन, जे प्राथमिक अमाइनशी जुळलं की चमकतं. प्राथमिक अमाइन म्हणजे ज्या नायट्रोजनला कार्बनचा एकच हात धरलेला आहे तो. डोपामिन, नॉरॲड्रेनालिन, सेरोटोनिन, गाबा, ग्लुटामेट या सगळ्यांकडे तो असतो. ॲड्रेनालिनच्या नायट्रोजनवर तो जादा मिथाइल गट बसलेला, म्हणून ते इथे गप्प.

तिसऱ्यात सोन्याच्या नॅनोकांड्या आणि चांदीचे आयन. सोन्याच्या इतक्या बारीक कणांचा रंग त्यांच्या आकारावर आणि अंगावरच्या थरावर ठरतो. कॅटेकॉल घराणं चांदीच्या आयनांना इलेक्ट्रॉन देतं, चांदीचा थर कांड्यांवर बसू लागतो आणि द्रावणाचा रंग पायरीपायरीने सरकत जातो. किती सरकला यावरून कोणी किती इलेक्ट्रॉन दिले याचा अंदाज येतो.

चौथ्यात नुसतं अल्कली आणि हवेतला ऑक्सिजन. ॲड्रेनालिन इथे गुलाबी होतं. हे ॲड्रेनोक्रोम. ॲड्रेनालिनचं इंजेक्शन गुलाबीसर दिसलं तर ते वापरू नये म्हणतात, त्यामागे हाच बदल आहे. डोपामिन वेगळ्या वाटेने जातं. त्याचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन शेवटी काळपट, कशालाही चिकटणारा पॉलिडोपामिनचा थर तयार होतो. आणि हे सगळं प्रत्येकाच्या आपापल्या वेगाने होतं.

आता साक्षी जुळवा. पहिला ठिपका विझला पण दुसरा चमकला नाही, तर ॲड्रेनालिन. पहिला तसाच राहिला आणि दुसरा चमकला, तर कॅटेकॉल नक्की नाही. सेरोटोनिन असेल किंवा गाबा-ग्लुटामेटपैकी कोणी. दोन्हींनी होकार दिला तर डोपामिन किंवा नॉरॲड्रेनालिन, आणि त्या दोघांमधला निवाडा तिसऱ्या-चौथ्या ठिपक्याच्या वेगावरून. यातला एकही ठिपका 'मी डोपामिनचा सेन्सर' असं म्हणू शकत नाही, तरी नाव निघालं.

प्रत्यक्षात उत्तरं इतकी हो-नाही अशी येत नाहीत. पहिला ठिपका थोडा विझतो, दुसरा बऱ्यापैकी चमकतो. म्हणून ठिपक्यांचा फोटो घेतात आणि प्रत्येक ठिपक्याचे लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे काढतात. चार ठिपक्यांचे १२ आकडे. पहिल्या, पाचव्या आणि दहाव्या मिनिटाला फोटो घेतले तर ३६. म्हणजे प्रत्येक नमुना हा ३६ मितींच्या अवकाशातला एक बिंदू झाला. तो कागदावर कसा पाहायचा? त्यासाठी संख्याशास्त्रातली जुनी हत्यारं आहेत. ज्या दिशेने बिंदू सर्वांत जास्त पसरलेत ती दिशा शोधण्याची कार्ल पिअर्सन यांची १९०१ ची पद्धत, आणि ज्या दिशेने गट एकमेकांपासून सर्वांत नीट सुटे होतात ती शोधण्याची रोनाल्ड फिशर यांची १९३६ ची. फिशर यांनी ती आयरिसच्या तीन जातींच्या १५० फुलांवर, पाकळ्यांच्या आणि निदलांच्या चार मापांवरून दाखवली होती. (कुलूप-किल्लीवाले फिशर वेगळे. दोघांचा काही संबंध नाही.) आजकाल न्यूरल नेटवर्कही लावतात, पण नमुने शे-दोनशेच असतील तर त्याने फार काही वेगळं हाती लागतं असं मला वाटत नाही.

इथे एक बारीक मुद्दा आहे. डोपामिनचं प्रमाण वाढलं तर सगळेच आकडे वाढतील. मग 'कोण आहे' आणि 'किती आहे' हे वेगळं कसं करायचं? डोळा हे रोज करतो. उन्हातला पिवळा आणि सावलीतला पिवळा, दोन्ही आपल्याला पिवळेच दिसतात, कारण रंग प्रमाणात असतो आणि प्रखरता एकूण बेरजेत. ॲरेतही तसंच. शून्यापासून बिंदूकडे बाण काढला तर त्याची दिशा म्हणजे ओळख आणि लांबी म्हणजे मात्रा. हे थोड्या मात्रेला ठीक चालतं. पुढे एखादा ठिपका पूर्ण विझून संपतो, त्याच्याकडे द्यायला काही उरत नाही, बाकीचे मात्र वाढतच राहतात आणि बाण वाकतो. म्हणून प्रत्येक रसायनाच्या बऱ्याच मात्रा आधी दाखवून ॲरेला शिकवावं लागतं.

ठिपके वाढवत नेले की अचूकता वाढेल असं वाटतं. मँटिस श्रिंप नावाचा एक समुद्री प्राणी आहे, त्याच्या डोळ्यांत रंगपेशींचे १२ प्रकार आहेत. २०१४ मध्ये त्याची परीक्षा घेतली तेव्हा जवळजवळच्या छटा ओळखण्यात तो आपल्यापेक्षा बराच कच्चा निघाला. आपल्या तीनच पेशी, पण आपण त्यांची आपसात तुलना करतो. तो बहुधा तशी करत नाही. शिवाय सगळे ठिपके एकाच स्वभावाचे असतील, तर दहा ठिपके म्हणजे एकाच साक्षीदाराची दहा वेळा घेतलेली जबानी.

आता तो पडद्यावरचा पिवळा.

लाल आणि हिरव्याच्या मिश्रणाने डोळ्यात जी नक्षी उमटते, ती शुद्ध पिवळ्याच्या नक्षीशी तंतोतंत जुळते. ॲरेचंही असंच होऊ शकतं. समजा नमुन्यात ॲड्रेनालिन आणि गाबा एकत्र आहेत. ॲड्रेनालिन पहिला ठिपका विझवेल, गाबा दुसरा चमकवेल. दोन्हींचा होकार! पहिल्या दोन ठिपक्यांवर थांबलात तर तुम्ही ठामपणे 'डोपामिन किंवा नॉरॲड्रेनालिन' म्हणाल, आणि नमुन्यात दोघांचाही एक रेणू नसेल. चारही ठिपके पाहिलेत तर बहुधा सुटाल, पण तीन किंवा चार रसायनांचं मिश्रण आलं की चारही ठिपक्यांना फसवणारं एखादं प्रमाण निघू शकतं. ॲरे फक्त शिकवलेल्या नक्षींशी तुलना करतो. अनोळखी मिश्रण समोर आलं तरी 'मला माहीत नाही' असं तो आपणहून म्हणत नाही, जवळच्या नावावर बोट ठेवून मोकळा होतो.

आणि शरीरातला कुठलाही द्रव हे मिश्रणच. आकड्यांत पाहू. बोरॉनिक आम्लाला साखरही आवडते, कारण साखरेकडेही हायड्रॉक्सिलच्या जोड्या आहेत. साध्या फिनाइल बोरॉनिक आम्लाची कॅटेकॉलवरची पकड ग्लुकोजवरच्या पकडीपेक्षा शंभराहून अधिक पट घट्ट असते. ऐकायला छान. पण रक्तात ग्लुकोज लिटरमागे ५ मिलिमोलच्या आसपास असतं आणि मोकळं डोपामिन नॅनोमोलच्याही खाली. म्हणजे साखर दहा लाखांहून अधिक पट. शंभर पट पसंती तिथे कुठल्या कुठे वाहून जाते. एक नॅनोमोल म्हणजे किती, तर एक ग्रॅम डोपामिनचे ६५ लाख भाग करा आणि त्यातला एक भाग लिटरभर पाण्यात टाका. मेंदूतल्या द्रवात वेगळाच त्रास. तिथे डोपामिन नॅनोमोलमध्ये आणि चांदीला तितक्याच आवडीने इलेक्ट्रॉन देणारं ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे क जीवनसत्त्व, शेकडो मायक्रोमोल.

त्यामुळे या विषयावरचे शोधनिबंध वाचताना मी आधी दोन गोष्टी पाहतो. नमुना कशात बनवला होता? स्वच्छ पाण्यात, मायक्रोमोलच्या मात्रेत पाच रसायनं वेगवेगळी घोळून १०० टक्के अचूकता मिळाली, तर तो ॲरे अजून घराबाहेर पडलेला नाही. आणि परीक्षा कोणाची घेतली? एकाच बाटलीतला नमुना पाच वेळा मोजायचा, चार मोजण्या शिकवणीला आणि पाचवी परीक्षेला, यात पास व्हायला कोणालाच कष्ट पडत नाहीत. वेगळ्या दिवशी, वेगळ्या माणसाच्या नमुन्यावर, नव्याने बनवलेल्या पट्टीवर तेच उत्तर आलं तर गोष्ट निराळी. रंगद्रव्यं जुनी होतात, पट्टी ओलसर होते, फोटोच्या वेळचा उजेड बदलतो. शंकुपेशींना निदान दर आठवड्याला नवी शिकवणी लागत नाही.

जिवंत मेंदूच्या बाजूने पाहिलं तर वेगळीच तऱ्हा दिसते. कार्बन नॅनोट्यूबवर डीएनएची छोटी साखळी गुंडाळली तर डोपामिन आल्यावर ती नळी जास्त उजळते, तेही ९०० नॅनोमीटरच्या पलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात. ऊतींमधून हा प्रकाश दृश्य प्रकाशापेक्षा चांगला पार होतो. २०१९ मध्ये बर्कलीच्या गटाने उंदराच्या मेंदूच्या कापांमध्ये अशा नळ्यांनी डोपामिनचं सुटणं टिपलं. पण त्यांच्या सेन्सरच्या नावातच 'कॅट' आहे, कॅटेकॉलवरून आलेलं. नॉरॲड्रेनालिनलाही तो तसाच उजळतो. १९६२ चा हिरवा रंग इथेही पाठ सोडत नाही. गुंडाळलेली डीएनए साखळी बदलली की नळीचा स्वभाव बदलतो, म्हणून वेगवेगळ्या साखळ्यांच्या नळ्यांचा ॲरे हा इथला साहजिक पुढचा प्रयत्न.

मोबाइलने पट्टीचा फोटो काढा आणि तुमच्या मेंदूतलं डोपामिन जाणून घ्या, असं कोणी म्हणालं तर त्याला सरळ नाही म्हणा. यात सेन्सरचा दोष नाही. लघवीतलं डोपामिन बहुतांशी मूत्रपिंडातच तयार झालेलं असतं. शरीरातलं ९० टक्क्यांच्या आसपास सेरोटोनिन आतड्यात असतं. रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर डोपामिनला इकडून तिकडे जाऊ देत नाही. म्हणून तर पार्किन्सन्सच्या रुग्णांना डोपामिन न देता त्याच्या आधीच्या पायरीवरचं एल-डोपा देतात. लघवी कितीही अचूक मोजली तरी मनाचा मूड त्यात सापडायचा नाही.

सापडतात ते काही ट्यूमर. अधिवृक्क ग्रंथीतला फिओक्रोमोसायटोमा ॲड्रेनालिन आणि नॉरॲड्रेनालिन भरमसाट सोडतो आणि त्यांच्यापासून बनलेली मेटानेफ्रिनं रक्तात आणि लघवीत वाढतात. लहान मुलांमधल्या न्यूरोब्लास्टोमात डोपामिन-नॉरॲड्रेनालिनचे मोडके अवशेष लघवीत उतरतात. इथे मात्रा मुळातच चढलेली असते, म्हणून ॲरेला खरी संधी इथे आहे.

या तपासण्या आज प्रयोगशाळेत होतात त्या क्रोमॅटोग्राफीने. नमुना एका बारीक नळकांड्यातून ढकलतात, आतल्या भुकटीला प्रत्येक रेणू कमी-अधिक चिकटतो आणि एकेक करून वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतो. तिथे उभ्या असलेल्या उपकरणाला एका वेळी साधारण एकालाच मोजायचं असतं. प्रिझम प्रकाशाचं करतो तेच. पडद्यावरचा पिवळा प्रिझमसमोर धरला तर त्यातून लाल आणि हिरवा वेगळे बाहेर पडतात आणि सोंग उघडं पडतं. प्रिझम महाग आहे, जागा अडवतो, शिकलेली माणसं मागतो. डोळा झटपट आहे. शंभर नमुन्यांतले कुठले पाच नळकांड्याकडे पाठवायचे एवढं जरी रंगीत ठिपक्यांच्या पट्टीने सांगितलं, तरी तिचं काम झालं.